बंद दारामागचे तास: जमिनीवर अडकलेले विमान, प्रवासी आणि नियम

वाटसरू (धागालेखक)

विमानाचे दार बंद झाले आहे आणि विमान अजून उडालेले नाही, अशा अवस्थेत प्रवाशाचे नेमके काय हक्क आहेत, या एकाच प्रश्नापुरता हा धागा ठेवावा अशी विनंती आहे. तिकिटांचे भाव आणि हरवलेले सामान यांवर येथे स्वतंत्र धागे आहेत.

टर्मिनलमध्ये ताटकळणे आणि विमानात अडकणे यांत मोठा फरक आहे. टर्मिनलमध्ये महाग का होईना, पण चहा मिळतो, पाय मोकळे करता येतात आणि अगदीच कंटाळा आला तर प्रवास सोडून घरी जाता येते. दार बंद झाल्यावर यांतले काहीच प्रवाशाच्या हाती राहत नाही. पाणी, हवा, स्वच्छतागृह आणि प्रसंगी डॉक्टरसुद्धा दुसऱ्या कुणाच्या तरी निर्णयावर अवलंबून असतात. म्हणून या विलंबाचे घड्याळ वेळापत्रकातल्या वेळेवर न लावता दार बंद झाल्याच्या क्षणावर लावले पाहिजे, असे माझे मत आहे. अमेरिकेने शेवटी हेच केले, परंतु तिथवर पोहोचायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. तो प्रवास सांगण्यासारखा आहे.

जानेवारी १९९९ मध्ये डेट्रॉइटला हिमवादळ झाले आणि नॉर्थवेस्ट एअरलाइन्सची अनेक विमाने उतरल्यावरही गेटपर्यंत पोहोचू शकली नाहीत. काही विमानांतले प्रवासी आठ तासांहून अधिक काळ आत बसून होते. संसदेत कायद्याची भाषा सुरू होताच कंपन्यांनी ‘आम्ही स्वतःहून सुधारू’ असे आश्वासन दिले आणि कायदा मागे पडला. (प्रवाशांनी लावलेला दावा कंपनीने २००१ मध्ये ७१ लाख डॉलर देऊन मिटवला.) २९ डिसेंबर २००६ रोजी डॅलसवरच्या वादळामुळे अमेरिकन एअरलाइन्सची विमाने इतरत्र वळवली गेली आणि त्यांपैकी ऑस्टिनला उतरलेल्या एका विमानात प्रवासी आठ तासांहून अधिक काळ अडकले. त्यांपैकी केट हॅनी या कॅलिफोर्नियातील महिलेने पुढे प्रवासी हक्कांची चळवळच उभी केली. दोन महिने होतात न होतात तोच, १४ फेब्रुवारी २००७ रोजी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जेटब्ल्यूची विमाने बर्फात अडकली आणि काही प्रवाशांना जवळजवळ अकरा तास आत काढावे लागले. कंपनीचे प्रमुख डेव्हिड नीलमन यांनी जाहीर माफी मागितली. मे महिन्यात त्यांचे मुख्याधिकारीपद गेले.

न्यूयॉर्क राज्याने तातडीने कायदा केला. तीन तासांहून अधिक काळ अडकलेल्या प्रवाशांना पाणी, अन्न, ताजी हवा आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह मिळावे, एवढीच त्याची मागणी होती. मार्च २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण १९७८ च्या केंद्रीय कायद्यानुसार विमान कंपन्यांच्या सेवेबाबत राज्यांना नियम करता येत नाहीत. म्हणजे प्यायच्या पाण्याचा प्रश्नही अधिकारक्षेत्राच्या वादात अडकला.

निर्णायक घटना मात्र लहानशा विमानात घडली. ऑगस्ट २००९ मध्ये ह्यूस्टनहून मिनियापोलिसला निघालेले ४७ प्रवाशांचे विमान वादळामुळे मध्यरात्रीनंतर मिनेसोटातील रॉचेस्टर येथे उतरले. टर्मिनल समोर दिसत होते. वैमानिक प्रवाशांना उतरवू देण्याची पुन्हा पुन्हा विनंती करीत होती. तिकडे जमिनीवर मदत करू शकणारी मेसाबा नावाची दुसरी कंपनी, सुरक्षा तपासणीचे कर्मचारी घरी गेल्यामुळे टर्मिनल उघडता येत नाही, असे सांगत राहिली. प्रत्यक्षात प्रवाशांना वेगळ्या बंदिस्त भागात बसवण्यास नियमांची आडकाठी नव्हती. तान्ह्या मुलांसह सगळ्यांनी रात्र तुंबलेल्या स्वच्छतागृहाच्या सोबतीने काढली. जिच्या नावाने उड्डाण होते ती कॉन्टिनेंटल, विमान चालवणारी एक्सप्रेसजेट आणि मेसाबा या तिघींना मिळून १,७५,००० डॉलर दंड झाला. जिचे हे प्रवासीच नव्हते त्या मेसाबाचा वाटा सर्वांत मोठा, ७५,००० डॉलरचा होता. मला तो दंड फार योग्य वाटतो.

त्यानंतर आलेला नियम २९ एप्रिल २०१० पासून लागू झाला. देशांतर्गत उड्डाणात तीन तासांच्या आत प्रवाशांना उतरण्याची संधी दिली पाहिजे, दोन तासांच्या आत खाणे आणि पाणी दिले पाहिजे, स्वच्छतागृह चालू असले पाहिजे आणि गरजेनुसार वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे. अन्यथा तेव्हा दर प्रवाशामागे २७,५०० डॉलरपर्यंत दंड होता. ऑगस्ट २०११ मध्ये परदेशी कंपन्या आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणे त्यात आली आणि त्यांना चार तासांची मर्यादा लागली. म्हणजे मुंबईला निघालेले भारतीय कंपनीचे विमान न्यूयॉर्कला जमिनीवर अडकले, तरी हाच नियम लागू होतो. आधीच्या वर्षभरात तीन तासांपलीकडे गेलेल्या देशांतर्गत घटना ६९३ होत्या. नियमाच्या पहिल्या वर्षात त्या २० वर आल्या. आपल्याकडची स्थिती जाणकारांनी सांगावी.

धावपट्टी

मी अनेक वर्षे मुंबई विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये काम केले. कंपनीचे नाव घेत नाही. प्रवाशांना वाटते की दार बंद ठेवण्यामागे निव्वळ बेपर्वाई असते. ती असतेच असे नाही, परंतु कारणे समजल्याशिवाय नियमाचा अर्थही लागणार नाही.

पहिले कारण स्लॉट, म्हणजे उड्डाणासाठी ठरवून मिळणारी वेळ. उशीर होणार हे ठाऊक असतानाही प्रवासी चढवून, दार लावून ‘रेडी’ सांगावे लागते, कारण जो तयार नाही त्याचा नंबर मागे जातो. दुसरे कारण बे, म्हणजे विमान उभे करण्याची जागा. मागून आलेल्या विमानाला जागा हवी असते, म्हणून तुमचे विमान पुशबॅक करून, म्हणजे मागे ढकलून, दूर कुठेतरी उभे केले जाते. तिसरे कारण सर्वांत अवघड आहे. एकदा दार उघडून प्रवासी उतरवले की त्यांना परत आणायला शिडी, कोच आणि पुन्हा सुरक्षा तपासणी लागते. त्यातून एकानेही ‘मी आता जात नाही’ म्हटले तर त्याची बॅग होल्डमधून, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेतून, शोधून उतरवावी लागते. तोवर मिळालेला स्लॉट निघून जातो आणि कधी कधी वैमानिकांची ड्यूटीची मर्यादाही संपते.

दिल्लीच्या धुक्याचे एक वैशिष्ट्य सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सुसज्ज विमान आणि प्रशिक्षित वैमानिक असतील तर धावपट्टीवरची दृश्यता ५० मीटर असतानाही तेथे उतरता येते, मात्र उड्डाणासाठी १२५ मीटर लागतात. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात दृश्यता रेंगाळली की विमाने येत राहतात आणि जात मात्र नाहीत. तुंबलेल्या मोरीसारखी अवस्था होते. बे भरतात, शिड्या पुरत नाहीत, आणि मग आलेली विमानेही प्रवाशांसकट उभी राहतात. मुंबईचे दुखणे वेगळे आहे. येथे दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळी अर्धा तास काही बिघडले की दुपारपर्यंत निस्तरावे लागते.

शंकासुर

वाटसरू, आपण दिलेले ६९३ आणि २० हे आकडे प्रभावी आहेत, पण ते अर्धीच गोष्ट सांगतात. तीन तासांची धास्ती असेल तर कंपनी तिसऱ्या तासाची वाट कशाला पाहील? ती उड्डाणच रद्द करील. अमेरिकेच्या जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०११ मध्ये हेच तपासले आणि नियमानंतर उड्डाणे रद्द होण्याची शक्यता वाढल्याचे नोंदवले. रांगेत पाचव्या क्रमांकावर असलेले विमान केवळ घड्याळामुळे गेटवर परत आले, तर त्यातल्या प्रवाशांचे काय भले झाले? दुसऱ्या दिवशीच्या विमानांत जागा नसतील तर त्यांना तीन तासांऐवजी दोन दिवस अडकावे लागेल. लग्नाला किंवा अंत्यविधीला निघालेला माणूस पाच तास आत बसणे आनंदाने पत्करील.

वाटसरू

शंकासुर, आक्षेप रास्त आहे आणि तो अमेरिकी संसदेनेही काही प्रमाणात मान्य केला. २०१६ च्या कायद्याने निघणाऱ्या विमानांसाठी मोजणी बदलली. आता तीन तासांच्या आत विमानाने उतरण्याच्या जागेकडे परत फिरायला सुरुवात केली तरी नियम पाळला गेला असे धरले जाते. शिवाय सुरक्षिततेच्या कारणास्तव वैमानिकाने, किंवा विमानतळाचे काम विस्कळीत होईल म्हणून नियंत्रण कक्षाने नकार दिला, तर मुळातच सूट होती.

तरीही मी नियमाच्याच बाजूने आहे. पाच तास बसायला तयार असलेल्या माणसाला कोणी खाली ओढत नाही. नियम उतरण्याची ‘संधी’ मागतो. गेटवर दार उघडे असेल आणि ज्याला जायचे त्याला जाता येत असेल, तर घड्याळ चालतच नाही. आणि दंड कागदावरचे नाहीत. मे २०११ मध्ये शिकागोला १५ विमाने अडकवल्याबद्दल अमेरिकन ईगलला ९ लाख डॉलरचा पहिला दंड झाला. २०२३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला २०१८ ते २०२१ या काळातील ४३ उड्डाणांबद्दल ४१ लाख डॉलरचा दंड झाला. म्हणजे नियमाला दहा वर्षे उलटून गेल्यावरही उल्लंघने होतच होती, हेही मान्य केले पाहिजे.

मेपल

कॅनडाची भर घालतो. जुलै २०१७ मध्ये ब्रसेल्स आणि रोमहून आलेली एअर ट्रान्झॅटची दोन विमाने खराब हवामानामुळे ओटावाला वळवली गेली आणि तेथे काही तास उभी राहिली. आत उकाडा असह्य झाला तेव्हा प्रवाशांनी थेट ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. २०१९ पासून येथे मर्यादा तीन तासांची आहे. उड्डाण लवकरच होण्याची खरी शक्यता असेल तर आणखी ४५ मिनिटे मिळतात. शंकासुरांच्या पाचव्या क्रमांकावरच्या विमानाची सोय या ४५ मिनिटांत होते.

सातारकर

चर्चा वाचते आहे. माझा प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. माझे आईवडील जानेवारीत पुण्याहून दिल्लीला जाणार आहेत. वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांचे जेवण वेळेवर व्हावे लागते. विमान धुक्यामुळे अडकले तर भारतात त्यांना काय मिळायला हवे, आणि ते कोणाकडे मागायचे? अमेरिकेचे दंड ऐकून बरे वाटले, पण ते आम्हाला उपयोगाचे नाहीत.

कायदेकानू

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण याबाबत समाजमाध्यमांवर बरीच चुकीची माहिती फिरते.

भारतात मूळ नियम डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ‘सीएआर’ या नियमावलीत, विभाग ३, मालिका एम, भाग ४ येथे आहे. तो २०१० पासून लागू आहे आणि नंतर त्यात सुधारणा झाल्या. त्यानुसार अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाच्या उड्डाणाला दोन तास उशीर अपेक्षित असेल तर जेवण आणि अल्पोपाहार द्यावा लागतो. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला हीच मर्यादा तीन तासांची आणि त्याहून लांबच्या प्रवासाला चार तासांची आहे. पुणे–दिल्ली पहिल्या गटात येते. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतून निवड देणे बंधनकारक आहे. उशीर २४ तासांपलीकडे गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतले उड्डाण सहा तासांहून अधिक लांबले, तर हॉटेलचा खर्च कंपनीचा. हे सर्व, प्रवाशाने वेळेवर चेक-इन केले असेल तर.

आता न आवडणारा भाग. पाच, साडेसात आणि दहा हजार रुपयांची जी रोख भरपाई लोक सांगत असतात, ती वेळेत न कळवता उड्डाण रद्द केल्याबद्दलची कमाल रक्कम आहे. निव्वळ उशिरासाठी ती मिळत नाही. शिवाय हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांमुळे झालेल्या खोळंब्यात कंपनीला भरपाईतून सूट आहे. परंतु ती सूट ‘भरपाई’पुरती आहे. धुके आहे म्हणून जेवणही देणार नाही, असा तिचा अर्थ लावणे मला मान्य नाही, आणि काउंटरवर कोणी तसे सांगितल्यास लेखी द्या म्हणून आग्रह धरावा.

वाटसरूंचा मूळ मुद्दा येथे अचूक लागू पडतो. सीएआरमधील ही सारी मोजणी नियोजित सुटण्याच्या वेळेपासून होते. प्रवासी त्या वेळी टर्मिनलमध्ये आहे की बंद विमानात, याने जेवणाच्या तासांत काहीच फरक पडत नाही.

बंद दाराचा प्रश्न आपल्याकडे खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो जानेवारी २०२४ मध्ये. १३ तारखेला मुंबईहून गुवाहाटीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे थेट ढाक्याला उतरवावे लागले. देशांतर्गत प्रवासी असल्याने बहुतेकांजवळ पासपोर्ट नव्हते, त्यामुळे परक्या देशात खाली उतरण्याचा प्रश्नच आला नाही आणि सारे तासन्‌तास आत बसून राहिले. दुसऱ्याच दिवशी गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान मुंबईकडे वळवले गेले. तेथे ते टर्मिनलपासून दूरच्या बेवर उभे राहिले, वैतागलेले प्रवासी खाली उतरले आणि विमानाशेजारी जमिनीवरच जेवायला बसले. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्याबद्दल नागरी विमान सुरक्षा विभागाने, म्हणजे बीसीएएसने, इंडिगोला १ कोटी २० लाख रुपयांचा दंड केला. मुंबई विमानतळाच्या चालकांना बीसीएएसने ६० लाख आणि डीजीसीएने ३० लाख रुपयांचा दंड केला. दिल्लीच्या धुक्यासाठी प्रशिक्षित वैमानिक न नेमल्याबद्दल एअर इंडिया आणि स्पाइसजेट यांनाही प्रत्येकी ३० लाखांचा दंड झाला. त्याच आठवड्यात डीजीसीएने, तीन तासांहून अधिक उशीर होईल असे दिसत असेल तर कंपनीने उड्डाण पुरेसे आधी रद्द करावे, अशी मुभा देणारी कार्यपद्धती जाहीर केली. शंकासुरांची भीती आपल्याकडे अशी अधिकृतपणेच स्वीकारली गेली, असे म्हणता येईल.

खरा उपयोगी बदल मार्च २०२४ च्या अखेरीस झाला. चढून बसल्यावर दीर्घकाळ खोळंबा झाला तर प्रवाशांना त्या विमानतळाच्या निर्गमन दारातून बाहेर पडू द्यावे, असे निर्देश बीसीएएसने दिले. पूर्वी आत आलेल्या प्रवाशाला त्याच वाटेने बाहेर सोडण्याची सोय नसल्यामुळे ‘उतरवता येत नाही’ हे उत्तर तयार असे. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईहून दोह्याला पहाटे निघणाऱ्या विमानात प्रवासी सुमारे पाच तास बसून असल्याच्या बातम्या आल्याच. निर्देश निघणे आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याने ते अमलात आणणे यांत अंतर असते.

राईनकाठ

मी जर्मनीत राहतो. येथील मराठी मंडळींना युरोपच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

हा नियम उदार आहे. तीन तासांहून उशिरा पोहोचल्यास अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मिळू शकते, आणि नेहमीचा तांत्रिक बिघाड ही सबब न्यायालय सहसा मानत नाही. परंतु बंद दारासाठी त्यात वेगळी मर्यादा नाही. पाच तासांनंतर प्रवाशांना उतरवण्याची तरतूद २०१३ च्या दुरुस्ती प्रस्तावात सुचवली गेली होती.

मात्र याच नियमावरच्या एका निकालात दाराला न्याय मिळाला. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला आलेले जर्मनविंग्जचे विमान धावपट्टीवर टेकले तेव्हा २ तास ५८ मिनिटे उशीर झाला होता. जागेवर येऊन थांबले तेव्हा ३ तास ३ मिनिटे. कंपनी म्हणाली, चाके टेकली तेव्हाच आम्ही पोहोचलो. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये ठरवले की किमान एक दार उघडते आणि प्रवाशांना उतरता येते, तीच पोहोचण्याची वेळ. तोपर्यंत प्रवासी बंदिस्त जागेत असतो आणि त्याला आपले व्यवहार मोकळेपणाने करता येत नाहीत. वाटसरूंनी दुसऱ्या परिच्छेदात जे म्हटले आहे, तेच हे.

भारतात ये-जा करणाऱ्यांनी दिशा पाहावी. फ्रँकफर्टहून मुंबईला निघताना कोणत्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू आहे. मुंबईहून फ्रँकफर्टला येताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच तो लागू होतो. भारतीय कंपनीने येत असाल तर विमान कंपन्यांच्या जबाबदारीविषयीच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल कराराचा आधार घ्यावा लागतो. भारत त्यात २००९ पासून आहे. त्याखाली उशिरामुळे झालेले नुकसान मागता येते, पण ते सिद्ध करावे लागते, आणि दावा दोन वर्षांत करावा लागतो.

धावपट्टी

सातारकर ताई, वडिलांसाठी माझा सल्ला. औषधे, इन्सुलिन आणि खाण्याचा डबा हाताच्या पिशवीत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत मुळीच नको. मधुमेह आहे हे चढतानाच केबिन क्रूच्या इन-चार्जना सांगून ठेवावे. प्रकृतीचे कारण निघाले की वैमानिक नियंत्रण कक्षाला तसे कळवतो आणि डॉक्टर किंवा शिडी मिळवणे सोपे जाते. ‘प्रवासी चिडले आहेत’ या निरोपाला तसा प्रतिसाद मिळत नाही. उतरायचे असल्यास शांतपणे पण स्पष्ट मागणी करावी. कितीही संताप आला तरी दाराला हात लावू नये आणि कर्मचाऱ्यांच्या अंगावर जाऊ नये. बेशिस्त प्रवाशांसाठीच्या २०१७ च्या नियमांत शाब्दिक गैरवर्तनालाही तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनाला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या वर्तनाला किमान दोन वर्षे उड्डाणबंदी आहे.

सातारकर

सर्वांचे आभार. एक शेवटचे विचारते. तक्रार करायची वेळ आली तर दिल्लीला किंवा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागेल का?

कायदेकानू

नाही. प्रथम कंपनीकडे आणि मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तेथे समाधान न झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, म्हणजे आईवडील साताऱ्यात राहत असतील तर साताऱ्यातच. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बोर्डिंग पास, कंपनीचे सर्व एसएमएस आणि विकत घेतलेल्या खाण्याची बिले जपून ठेवावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दार केव्हा बंद झाले, पाणी केव्हा मिळाले, कोणती घोषणा किती वाजता झाली आणि दार केव्हा उघडले, हे जागेवर बसल्या बसल्याच फोनमध्ये लिहावे आणि घरच्यांना संदेश म्हणून पाठवून द्यावे, म्हणजे त्यावर वेळेची नोंद राहते. कंपनीच्या उत्तरात बहुधा फक्त पुशबॅकची वेळ असते, आणि तेवढ्यावरून आत काढलेल्या तासांचा पत्ता लागत नाही.